कैलासवासी केवटे सरांचा ताजा लेख

१

मेलेल्या माणसानं उमाचं नाव घेतलं ते भर दुपारी, ती डब्यातली मेथीची भाजी खात असताना.

मोबाईल टुणकन वाजला. उमा शेटे म्हणजे साताऱ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवणारी, जात्यावरच्या ओव्या गोळा करत गावोगाव हिंडलेली बाई. तिनं डाव्या हातानं मोबाईल पुढं ओढला. 'तुमच्या लेखाला नवीन सायटेशन मिळालं आहे.' म्हणजे कुणीतरी आपल्या लेखात तिच्या लेखाचा आधार घेतला होता, खाली तिचं नाव टाकलं होतं. बाईला बरं वाटलं. कुणाला नाही वाटणार? हल्ली प्राध्यापकाची किंमत ह्याच्यावरच ठरते. तुम्ही काय लिहिलंय ते वाचायला सवड कुणाला आहे? किती लेख लिहिले आणि किती जणांनी त्यांचा आधार घेतला ते मोजायचं, त्यातून एच-इंडेक्स नावाचा आकडा काढायचा, आणि त्यावरून माणूस लहान की मोठा ते ठरवायचं. उमाची प्रोफेसरपदाची मुलाखत सोमवारी होती. आकडा हवाच होता.

तिनं लेख उघडला. म्हसवडच्या रथावर होता. सुरेख होता. मग तिनं लेखकाचं नाव बघितलं. डॉ. एस. बी. केवटे.

तिनं हातातला घास डब्यात परत ठेवला.

समोरच्या भिंतीवर चंदनाच्या हारात तिचे गुरू तिच्याकडं बघत होते. खाली पाटी होती, 'कै. डॉ. सिद्धनाथ बाबूराव केवटे'. काय माणूस होता! वर्गात शिरताना 'सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं' अशी आरोळी ठोकायचे, तर खिडकीची तावदानं हादरायची आणि शेजारच्या वर्गातला गणिताचा मास्तर बेरीज चुकायचा. दोन वर्षांपूर्वी सांगलीच्या दवाखान्यात वारले. म्हसवडला त्यांना अग्नी दिला तेव्हा उमा तिथं उभी होती. धग तिच्या कपाळाला लागली होती.

आणि लेखात तर यंदाच्या यात्रेचं वर्णन. रथ कुठं अडला, कुणी पदर खोचून दोर ओढला, सगळं डोळ्यांनी बघितल्यासारखं.

पंखा बंद होता. तरी फोटोवरचा हार हलत होता, असं उमा पुढं शपथेवर सांगायची.

२

"मॅडम, हे लय वंगाळ झालं," प्राचार्य लालासाहेब घाडगे म्हणाले. त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला, पुसला, परत ठेवला. "ह्यो एकच लेख न्हाई. केवटे सर गेल्यापासनं लेखावर लेख येत्यात. मोठमोठ्या मासिकांत. आन् परत्येकात तुमचं नाव. दुसऱ्या कुनाचं न्हाई, तुमचंच!"

"मला नव्हतं ठाऊक, सर. सायटेशनं यायची, पण ती कुणाची ते मी उघडून बघितलंच नाही."

"खरं असंल. पर समिती काय म्हनती? ह्या बाईनंच गुरूच्या नावावर लेख छापले आन् सोताचा आकडा फुगवला. सोमवारपतोर छडा लागला न्हाई, तर प्रोफेसर ऱ्हाऊ द्या, हाय ती नोकरी जाईल. पोरांनी उद्या तुमच्या तोंडावर म्हनायचं, ही बघा भुताकडनं दाखला घेनारी बाई."

उमाचं वीस वर्षं शिकवलेलं, उन्हातान्हात हिंडलेलं, सगळं त्या एका वाक्यात जाऊन बसलं.

खोलीत आणखी तिघं होते. खिडकीशी सौमित्र बोकील, तिच्याच विभागातला, त्याच प्रोफेसरपदाचा दुसरा उमेदवार. तक्रार त्यानंच केली होती. दाराशी निमिष, उमाच्या हाताखाली पीएच.डी. करणारा वडूजचा मुलगा. तिचे लेख टाईप करून पाठवणं, तिचं खातं सांभाळणं हे त्याच्याकडं. तो पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. आणि कोपऱ्यात भडंगाचा पुडा मांडीवर घेऊन बसलेले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ.

"हे याकूब मुल्ला सर," लालासाहेब म्हणाले. "सांगलीला संख्याशास्त्र शिकवायचे. समितीनं चौकशीला ह्यांना नेमलंय."

याकूब सरांनी मूठभर भडंग तोंडात टाकलं, सावकाश चावलं. "उमाबाई, एकच विचारतो. तुम्ही भुतांवर विश्वास ठेवता?"

"काल ठेवत नव्हते," उमा म्हणाली.

३

याकूब सरांनी सौमित्र, लालासाहेब आणि निमिष ह्या तिघांना कॅन्टीनच्या बाकावर एकेक करून बसवलं. उमालाही शेजारी बसवलं. "घाबरलेल्या माणसाला सगळं नीट ऐकू येतं," म्हणाले.

सौमित्र ताठ होता. "तक्रार मी केली, लपवत नाही. पण लेख मी लिहीन? तिला अडकवायला? सर, इतकं चांगलं लिहिता येत असतं तर मला तक्रार करायची गरजच पडली नसती."

"हे मात्र पटलं," याकूब सर म्हणाले, आणि सौमित्रला राग यावा की नाही हे कळेना.

लालासाहेबांनी हात वर केले. "मला टायपिंग येत न्हाई. पर खोटं कशाला बोलू, आकडा वाढला की कॉलेजचं नाव वर जातं. मूल्यांकनाला फुडल्या वर्षी मान्सं येनार. म्हनून मी बघून न बघितल्यागत केलं. मेलेला मानूस कॉलेजचं काम करतोय, म्हनलं करू द्या गड्या."

निमिष आला तो घामानं भिजून. "मॅडम, मी नाही. आईच्या गळ्याची आण. मी महिन्यापूर्वीच बघितलं होतं हे. तुम्हाला सांगायला भ्यालो. मला वाटलं, तुम्हीच…"

उमानं त्याच्याकडं बघितलं. तिच्याच पोरानं तिच्यावर संशय घेतला होता.

"खात्यात शिरता येतं का तुला, केवटे सरांच्या?" याकूब सरांनी विचारलं.

"कुणालाच येणार नाही. लेख पाठवायचा तर सरांच्या खात्यातूनच पाठवावा लागतो, आणि त्याचा ओटीपी सरांच्या मोबाईलवरच येतो."

"मेलेल्याच्या मोबाईलवर?"

"हो. दर वेळी."

याकूब सरांचा चावणारा जबडा थांबला. उमानं आपला मोबाईल बाकावर पालथा ठेवला. कारण सरांचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये अजून होता. तो पुसायचं धाडस तिला कधी झालं नव्हतं.

घरी गेल्यावर ती तो लेख परत वाचायला बसली, आणि शेवटाकडं एक ओवी दिसली तशी ताडकन उठली.

*पीठ पांढरं शुभ्र, वाखानती सारी घरं*
*जात्यामागं कोन होती, इचारंना कुनी बरं*

ही ओवी तिच्या कोरेगावच्या आजीची. उमानं ती कुठं छापली नव्हती, कुणापुढं म्हटली नव्हती. फक्त एकदा. केवटे सरांपुढं, सर जायच्या आदल्या आठवड्यात.

४

सकाळची पहिली एस.टी. धरून ती सांगलीला पोचली. याकूब सरांचं घर हळदीच्या वखारींच्या मागं, त्यामुळं बोळभर पिवळा वास. सरांची बायको, रहिमतबी, पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होती आणि मांडीशी नात होती.

"या, बसा. तोंड कसं वाळलंय बघा," रहिमतबी म्हणाली आणि आत बघून ओरडली, "अवो रुक्सारचे अब्बा! साताऱ्याच्या मॅडम आल्यात!"

उमानं ओवीचं सगळं सांगितलं.

"दवाखान्यात त्या वेळी काय झालं?" याकूब सर म्हणाले. "काही गाळू नका."

"सरांचा उजवा हात गेला होता. डावा नुसता थरथरायचा. म्हणाले, उमा, काहीतरी म्हण. मी ही ओवी म्हटली. सर डोळे मिटून मोसंबीची एकेक फोड तोंडात घोळवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, ही कुणाला देऊ नकोस, तुझ्या पुढच्या पुस्तकाचा शेवट हिच्यावर कर. बस. खोलीत मी आणि सर, दुसरं कुणी नव्हतं." ती पुढं सरकली. "म्हणजे ओवी ठाऊक असणारी दोनच माणसं. एक मी, आणि मी लिहिलेलं नाही. मग कोण उरलं, सर?"

"नंबर लावा."

"कुणाचा?"

"केवटे सरांचा."

उमानं नंबर काढला. स्पीकरवर लावला. वाटलं, बंद असेल. पण रिंग गेली. एकदा, दोनदा. मोबाईलच्या काचेवर सरांचा हसरा फोटो आला. आणि पलीकडं कुणीतरी फोन उचलला.

कुणी बोललं नाही. श्वास ऐकू येत होता. सावकाश, जुना, खरखरीत श्वास.

"स… सर?" उमा म्हणाली.

श्वास थांबला. आणि त्याच्या मागून, लांबून, एक लांबलचक किंचाळी उठली. उमाच्या हातून मोबाईल तांदळाच्या सुपात पडला. याकूब सरांनी तो उचलून कानाला लावला, तर फोन कट झाला होता.

"ऐकलंत तुम्ही? किंचाळी ऐकलीत?"

"ऐकली," याकूब सर गंभीरपणे म्हणाले. "कुकरची शिट्टी होती. भुतं डाळ शिजवतात हे मला नवीन आहे."

उमाला हसू येईना. भुताला भ्यायचं असतं हे ठाऊक असतं. पण सरांच्या मोबाईलमागं बसून कुणीतरी जिवंत माणूस तिचा श्वास ऐकत होता, हे जास्त वाईट होतं.

याकूब सर फेऱ्या मारायला लागले. रहिमतबी नातीला गोष्ट सांगत होती, ती तिनं थांबवली नव्हतीच. "…मग भावांनी यूसुफ पैगंबरांना हिरीत ढकललं. हिकडं त्यांचे अब्बा रडून रडून डोळ्यांनी आंधळे झाले."

"त्यांच्या अब्बांचं नाव काय गं, दादी?"

"ते तुझ्या दादांना इचार जा," रहिमतबी म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

"सांगा ना दादा!"

याकूब सर खोलीच्या मधोमध उभे राहिले ते राहिलेच. भडंगाची मूठ तोंडापर्यंत आलेली, तशीच हवेत. बायकोकडं बघत होते, जणू तिला पहिल्यांदाच बघत आहेत.

"उमाबाई," शेवटी म्हणाले, "केवटे सरांचे सगळे लेख मला द्या. मेल्यानंतरचे नकोत. जिवंतपणीचे."

५

रविवारी दुपारी ते म्हसवडला उतरले. माणगंगेत पाणी नव्हतं, नुसती वाळू तळपत होती. केवटे सरांचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. दारात सरांच्या बायको, रत्नप्रभाकाकू, शेंगा फोडत बसल्या होत्या. उमाला बघून त्यांनी हात झटकले. आतून कुकरची शिट्टी झाली आणि उमाच्या अंगावर काटा आला.

"यशील असं वाटलंच हुतं," काकू म्हणाल्या.

"वहिनी," याकूब सर पायरीवर टेकले. "तुमच्या गावच्या देवाचं नाव काय हो?"

काकूंनी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले. "जोगेश्वरीचे यजमान."

"तेच. उमाबाई, मी काल रात्र घालवली ह्यांच्या यजमानांच्या लेखांत. सगळा जन्म त्यांनी ह्या गावावर लिहिलं, ह्या देवावर लिहिलं. आणि देवाचं नाव? एकदाही नाही. 'म्हसवडचे देव'. 'रथाचे धनी'. 'जोगेश्वरीचे यजमान'."

"ती सरांची शैली होती," उमा म्हणाली. "मी शिकवते ती वर्गात."

"शैली? अन् वर्गात शिरताना सर काय ओरडायचे?"

उमाच्या कानात ती आरोळी घुमली. सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं.

"तोंडानं जो माणूस देवाचं नाव घेऊन तावदानं हादरवतो, त्याला ते लिहायला कसली चोरी? सौमित्रला नाही, निमिषला नाही, तुम्हालाही नाही. ते नाव लिहायला संकोच वाटेल असं माणूस जगात एकच. माझी बायको लग्नापासून मला रुक्सारचे अब्बा म्हणते. काल तर यूसुफच्या अब्बांचं, याकूब पैगंबरांचं नावसुद्धा गिळलं तिनं, माझं तेच आहे म्हणून. आणि मोसंबी, उमाबाई! सरांचे दोन्ही हात गेलेले. ती सोलली कुणी? फोडी करून तोंडात कुणी दिल्या?"

उमानं डोळे मिटले. दवाखान्याची ती खोली. सर. ती स्वतः. आणि खाटेच्या पायथ्याशी, स्टुलावर, सालं पदरात गोळा करत बसलेल्या काकू. त्या तिथं होत्या. उमानं त्यांना मोजलंच नव्हतं. गावोगाव जाऊन जात्यामागच्या बाईचं नाव विचारणारी ती!

"पण मग…" तिनं डोळे उघडले. "जुन्या लेखांतही नाव नाही. म्हणजे सर जिवंत होते तेव्हाही…?"

"आधी ते सांगायचं, मी लिवायची," काकू म्हणाल्या. "मग ते सांगायचं कमी झालं. मग नुसतं सही करायचं. भांडान न्हवतं गं आमचं. त्यांना बोलायला आवडायचं, मला लिवायला. आता ह्यांच्या मोबाईलला सांगते, त्यो लिवतो. खातं ह्यांचं, वरचं नाव त्यो आपला आपण टाकतो. मला घ्यावं लागत न्हाई."

"ते गेल्यावर तरी स्वतःच्या नावानं द्यायचं होतं!"

"माझं कोन छापतं? अकरावी नापास बाई, म्हसवडची."

"आणि काल फोनवर का नाही बोललात?"

"तू 'सर' म्हनलीस. काय बोलू मी?"

कुकर गप्प झाला होता.

"आणि माझंच नाव का, काकू? दर वेळी?"

"तुझ्या पुस्तकात ओवीखाली म्हननाऱ्या बाईचं नाव असतंय. आमच्या सगळ्या लेखांत नुसतं 'एक वृद्धा'. ते मला लय लागायचं. म्हनून तुझं नाव टाकत गेले. तुझं भलं हुईल वाटलं."

"काकू, त्यानं माझी नोकरी चाललीय. ती नावं मोजतात."

"मोजत्यात?" काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "वाचत न्हाईत?"

"नाही."

"अगं बया."

याकूब सर घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, उद्या समितीपुढं यावं लागेल. मी सांगून भागणार नाही. लेख कुणाच्या नावानं आणि कुणी लिहिले, हे तुमच्या तोंडून आलं पाहिजे. नाव घेऊन."

काकूंनी सूप खाली ठेवलं. नाव घ्यायचं म्हणजे नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडायचं. नाही घ्यायचं म्हणजे ह्या पोरीला बुडवायचं. त्या उठल्या, आत गेल्या, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

६

सोमवारी समिती लांबलचक टेबलामागं बसली. याकूब सरांनी सगळं मांडलं.

"पुरावा काय?" अध्यक्ष म्हणाले. "एका बाईनं देवाचं नाव लिहिलं नाही, हा पुरावा?"

उमा दाराकडं बघत होती. साडी घट्ट मुठीत धरली होती तिनं. पायाखालची फरशी हळूहळू खाली चाललीय असं तिला वाटत होतं. सौमित्रनं घड्याळात बघितलं. अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.

आणि दार ढकलून रत्नप्रभाकाकू आत आल्या. पायाला एस.टी. स्टँडची धूळ, काखेत पिशवी.

"बसा, बाई. हे लेख कुणी लिहिले?"

"मी."

"कुणाच्या नावानं? स्पष्ट सांगा, नोंद करायची आहे."

काकूंचे ओठ हलले. आवाज आला नाही. उमाला वाटलं, झालं, संपलं. मग काकूंनी पदर डोक्यावरून सारखा केला. लग्नात, डोहाळजेवणात बायका करतात तसा. विधवेनं उखाणा घ्यायचा नसतो हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

*"म्हसवडच्या रथाला लांबलचक दोर,*
*सिद्धनाथरावांच्या नावानं लिवलं मी, सांगा आता कोन चोर?"*

खोलीत इतकी शांतता झाली की बाहेरच्या पोवई नाक्यावरच्या रिक्षासुद्धा हॉर्न वाजवायच्या थांबल्या म्हणतात. अध्यक्षांचं पेन तसंच उघडं राहिलं. लालासाहेबांनी डोळे पुसले आणि चष्मा पुसतोय असं दाखवलं.

उमाची नोकरी वाचली. मेलेल्या माणसानं दिलेली सायटेशनं मात्र खोडली गेली, आकडा घसरला, आणि प्रोफेसर सौमित्र झाला. त्याला अजून वाटतं, आपण जिंकलो.

महिना-दीड महिना गेला. उमा डबा खात होती. भिंतीवरून सरांचा फोटो काढायचा की शेजारी काकूंचा लावायचा, हे विभागात ठरत नव्हतं. मोबाईल टुणकन वाजला.

'तुमच्या लेखाला नवीन सायटेशन मिळालं आहे.'

लेखिका: रत्नप्रभा केवटे. उमा हसली. मग वाचायला लागली, आणि हसू हळूहळू उतरत गेलं. पहिल्या परिच्छेदात काकूंनी तिच्या पुस्तकाचा पाया उकरला होता. दुसऱ्यात भिंती पाडल्या. म्हसवडच्या ज्या ओव्यांवर उमाचं सगळं म्हणणं उभं होतं त्या मुळी जात्यावरच्या नव्हत्याच, रथ ओढतानाच्या होत्या. उमानं बायकांची नावं विचारली, पण त्या कुठं, काय करताना गात होत्या ते विचारलं नाही, असं काकू लिहीत होत्या. मायेनं, आदरानं, आणि एक वीट शिल्लक न ठेवता.

उमानं डबा बाजूला सारला. कारण काकूंचं बरोबर होतं.

तिनं वर बघितलं. पंखा बंद होता आणि हार हलत होता. सायटेशनांचा आकडा एकानं वाढला होता.